दुकानाच्या गच्चीवर सोलर बसवताना

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं श्रीखंड-लस्सीचं दुकान आहे. डीप फ्रीझर चोवीस तास चालू. उन्हाळ्यात गिऱ्हाईक वाढतं तसं बिलही वाढतं, आणि ऊनही तेव्हाच भरपूर, म्हणून गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी घरांसाठी आहे, दुकानाच्या कमर्शियल कनेक्शनला ती मिळत नाही. गच्ची सामायिक, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकांची लेखी संमती घेतली. इंजिनिअरकडून जुना स्लॅब तपासून घेतला.

खरा वेळ गेला तो सावलीपायी. एक एजन्सीवाला म्हणाला, “थोडी सावली चालते.” अजिबात चालत नाही! पॅनेल एका साखळीत जोडलेली असतात. एकावर सावली पडली तरी सगळ्या साखळीचं उत्पादन घसरू शकतं. डिसेंबरात सूर्य सगळ्यात खाली असतो, सावल्या लांब पडतात. म्हणून त्या दिवसांत बाबा आणि मी तासातासाला वर जाऊन शेजारच्या टाकीची सावली खडूने आखली. रेघा जिन्याच्या दारापर्यंत आल्या. तेवढा पट्टा मोकळाच सोडला. प्रत्येक पॅनेलला मायक्रो इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं छोटं यंत्र) लावला तर ही अडचण बरीच कमी होते, पण खर्च वाढतो.

उरलेल्या जागेत 540 वॅटची 10 पॅनेल बसली, दक्षिणेकडे तोंड करून. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरायचे. सांगाडा मुद्दाम उंच घेतला, म्हणजे खाली वावरता येतं आणि स्लॅबही कमी तापतो. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर 2015 साली 10 मेगावॅटचा प्रकल्प झाला. तिथेही पॅनेल वीज देतात आणि पाण्यावर सावलीही धरतात. ती कल्पना मला फार आवडते.

मग अर्ज, वीज कंपनीची तपासणी, करार आणि नेट मीटर. कंपनीकडून आलेली आणि आपण कंपनीला दिलेली वीज त्यात वेगवेगळी दिसते. हे आधीच समजून घ्या: बॅटरी नसलेली साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेली, सिस्टिम लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. फ्रीझरसाठी जनरेटर आम्ही ठेवलाच आहे.

उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) झालं की सांगाड्यात अडकलेला मांजा काढायचा आणि पॅनेल सकाळी, काच तापायच्या आत धुवायची. आता दुकानापुढच्या पत्र्याच्या जागी पॅनेलचंच छप्पर करायचा विचार आहे. त्यासाठी महापालिकेत चौकशी चालू आहे.