झिजणाऱ्या ब्रेकमधले तांबे जाते कुठे?

डिस्क ब्रेक असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाची रिम पुसली की फडक्यावर काळपट-तपकिरी भुकटी येते आणि ती रस्त्यावरची धूळ समजून आपण झटकून टाकतो. या भुकटीजवळ साधे लोहचुंबक नेले, तर तिचा बराच भाग त्याला चिकटतो, कारण ते बिडाच्या डिस्कमधून आणि तिच्यावर दाबल्या जाणाऱ्या ब्रेक पॅडमधून झिजलेले लोखंड असते. मागच्या चाकांवर ती सहसा कमी दिसते; ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या ब्रेकवर पडते.

वाहनांच्या प्रदूषणाची चर्चा मात्र अजूनही सायलेन्सरपाशीच घुटमळते, हे मला खटकते. ब्रिटन सरकारच्या हवा-गुणवत्ता तज्ज्ञ गटाच्या २०१९ च्या अहवालानुसार, तिथल्या रस्ते वाहतुकीतून थेट हवेत मिसळणाऱ्या पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या) कणांपैकी ६० टक्के आणि पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या) कणांपैकी ७३ टक्के कण (वजनाने) ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या पृष्ठभागाच्या झिजेतून येत होते. इंजिने सुधारली, धुरावर गाळण्या बसल्या. झिजेकडे मात्र फारसे कोणी पाहिले नव्हते.

ब्रेक पॅड म्हणजे राळेने बांधलेले अनेक पदार्थांचे मिश्रण असते. त्यातले तांबे घर्षणाची उष्णता वाहून नेते आणि ब्रेकची पकड स्थिर ठेवते, अँटिमनी सल्फाइड वंगणाचे काम करते, तर बेरियम सल्फेट भराव म्हणून घातले जाते. अँटिमनी निसर्गात इतके विरळ असते, की धुळीतले तांबे आणि अँटिमनी यांचे परस्पर प्रमाण पाहून ती ब्रेकमधून आली आहे का, याचा अंदाज संशोधक बांधतात. झिजलेल्या कणांपैकी काही हवेत तरंगतात, काही गाडीलाच चिकटतात आणि उरलेले रस्त्यावर पडून पहिल्याच मोठ्या पावसात गटारामार्गे नदी-नाल्यांना मिळतात.

तिथे तांब्याचे खरे उपद्रव सुरू होतात. पाण्यात विरघळलेले तांबे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतके वाढले, तरी सॅमन माशांच्या पिलांची वास घेण्याची क्षमता मंदावते आणि शिकारी माशाची चाहूल त्यांना वेळेत लागत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले ते याच चिंतेतून: पॅडमधील तांबे २०२१ पासून वजनाच्या ५ टक्क्यांच्या आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याच्या आत आणायचे. मला हा मार्ग रस्ते झाडण्यापेक्षा किंवा गटाराचे पाणी गाळण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो, कारण हजारो चौकांत विखुरलेली भुकटी गोळा करण्यापेक्षा कारखान्यातील मिश्रण बदलणे सोपे आहे.

टायरच्या बाबतीत ही युक्ती तितकीशी चालत नाही. रबर पक्के करताना झिंक ऑक्साइड लागते, त्यामुळे टायरच्या भुकटीतून जस्त बाहेर पडते आणि त्याला तितकाच चांगला पर्याय अजून रुळलेला नाही. विद्युत वाहने मोटरच्याच साहाय्याने वेग कमी करत असल्याने त्यांचे ब्रेक कमी झिजतात. मात्र बॅटरीमुळे वजन वाढते आणि तो भार टायरना सोसावा लागतो.

युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांत आता ब्रेकच्या पीएम १० कणांवर मर्यादा आली आहे: इंजिनावर चालणाऱ्या बहुतेक मोटारींसाठी किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि केवळ बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी ३ मिलिग्रॅम. ही मोठी सुधारणा आहे, पण ती कणांचे वजन मोजते, त्यांत कोणता धातू आहे हे पाहत नाही. पॅडमधून अ‍ॅस्बेस्टॉस हद्दपार झाले, तेव्हा त्याची जागा घेणाऱ्या पदार्थांत तांबेही होते. म्हणून आता तांब्याच्या जागी काय येते, हे मी अधिक बारकाईने पाहतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पॅडवर ए, बी किंवा एन असे अक्षर असते. त्यातले एन म्हणजे तांबे ०.५ टक्क्याच्या आत आणि शिसे, पारा, कॅडमियम यांवरही मर्यादा. अँटिमनीबद्दल मात्र ते अक्षर काहीच सांगत नाही.