आजारासाठी घेतलेली गोळी आणि गुनाहाची भीती

मुंब्र्यातल्या कौशात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलचा एक प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो, आणि तो विचारताना बाई बहुधा आवाज खाली आणते: "मॅडम, आजारासाठी ही गोळी घेतली तर गुनाह होतो का?" गुनाह म्हणजे पाप. मी स्वतः रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान घरातली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे अधिक विश्वासाने येतो. फतवा देणे हा माझा अधिकार नाही, परंतु फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी या विषयावर काय म्हटले आहे ते मी अनेक वर्षे समजून घेत आले आहे, आणि तेच इथे मांडते.

ज्या गोळ्यांवरून ही भीती निर्माण होते, त्यांपैकी कितीतरी गर्भ रोखण्यासाठी दिलेल्याच नसतात. पाळीत इतका रक्तस्राव होतो की हिमोग्लोबिन सातपर्यंत खाली आलेले असते, एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) वेदनांनी मुलगी दर महिन्याला कॉलेज बुडवते, पीसीओडीमुळे (बीजकोशांच्या हार्मोनविकारामुळे) चार-चार महिने पाळी येत नाही. अशा वेळी हार्मोनची गोळी हे औषध असते. अविवाहित मुलीच्या आईला तर औषधाच्या दुकानात कोणी 'ही गर्भनिरोधक गोळी आहे' म्हटले की धरणी दुभंगल्यासारखे होते. मी तिला इतकेच सांगते की इमाम बुखारींच्या हदीससंग्रहाचा, म्हणजे पैगंबरांची वचने व आठवणी यांच्या संग्रहाचा, आरंभच 'कर्मे नियतवर, म्हणजे हेतूवर अवलंबून असतात' या वचनाने होतो, आणि तिची नियत लेकीचे दुखणे बरे करण्याची आहे.

खरोखरच गर्भधारणा टाळायची असेल, तर चर्चा 'अज्ल'पासून, म्हणजे वीर्य बाहेर सोडण्याच्या जुन्या पद्धतीपासून सुरू होते. पैगंबरांचे सहकारी जाबिर यांचे कथन इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम या दोघांच्याही हदीससंग्रहांत आहे: कुरआन अवतरत होते त्या काळात आम्ही अज्ल करीत होतो. ती गोष्ट निषिद्ध असती तर तेव्हाच मनाई आली असती, असा त्यातून अर्थ काढला गेला. याच्या उलट पैगंबरांच्या काळातल्या जुदामा यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये अज्लला 'छुपे पुरणे' (मूल जिवंत पुरण्याचाच छुपा प्रकार) म्हटले आहे, आणि तिच्या आधारे अंदलुसियाच्या (मुस्लिम राजवटीतल्या स्पेनच्या) विद्वान इब्न हज्म यांनी ते हराम ठरवले. हे मतही मी लपवत नाही. मात्र बहुसंख्य विद्वानांनी अज्लला परवानगी दिली, फार तर मकरूह (नापसंत, पण निषिद्ध नव्हे) म्हटले, आणि त्यासाठी पत्नीची संमती लागते असे बहुतेकांनी सांगितले. आम्हा कोकण्यांच्याच शाफई या धर्मशास्त्रीय परंपरेतले इमाम गजाली (मृत्यू 1111) बाळंतपणात पत्नीच्या जिवाला धोका वाटणे हे अज्लचे ग्राह्य कारण मानतात. पुढे 1937 मध्ये इजिप्तच्या मुफ्तींनी गर्भनिरोधनास अनुमती देणारा फतवा दिला, आणि आज गोळी किंवा तांबी यांचा विचार बहुतेक आलिम (धर्मपंडित) अज्लच्याच मोजमापाने करतात.

वैद्यकीय कारण असेल तेव्हा तर ही परवानगी अधिक ठाम होते, कारण 'स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका' ही कुरआनची आज्ञा (2:195) तिच्या पाठीशी उभी राहते. हृदयाची झडप अरुंद झालेली बाई, तीन सिझेरियन झालेली बाई, फिट्ससाठी गर्भाला घातक असलेले औषध घेणारी बाई, यांच्याबाबतीत धोका किती आहे हे सांगण्याचे काम फिकहनेच विश्वासू आणि जाणत्या वैद्याकडे सोपवले आहे. दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याविषयी बोलताना मी आवर्जून सांगते की प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान 24 महिने जाऊ द्यावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि कुरआननेही (2:233) पूर्ण स्तनपानाचा काळ दोन वर्षांचाच सांगितला आहे.

कायमच्या शस्त्रक्रियेचा मसला मात्र वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये कुवेतच्या अधिवेशनात पतिपत्नींच्या सहमतीने केलेल्या तात्पुरत्या उपायांना मान्यता दिली, पण नसबंदी केवळ शरीयतला मान्य असलेल्या निकडीपुरती ठेवली. म्हणून ज्या बाईचे काम तांबीने भागेल तिला मी ऑपरेशनचा आग्रह करीत नाही. पुढची गर्भधारणा जिवावर बेतणार असेल, तर मात्र स्पष्ट शब्दांत लिहून देते आणि ते पत्र मौलानांना दाखवायला सांगते. नवरा आखातात आहे, सासू 'थांब' म्हणते, म्हणून अशी बाई महिनोन्‌महिने थांबते तेव्हा माझा जीव तुटतो. सल्लामसलत घरातल्यांशी जरूर करावी, पण धोक्यात असलेला जीव तिचा आहे.

आणखी एका भीतीपोटी उपचार अर्धवट सुटतात, ती नमाजची. तांबीमुळे पाळीचे दिवस वाढतात, गर्भनिरोधक इंजेक्शनमुळे अधूनमधून डाग लागतात, आणि बाई नमाज-रोजा सगळेच थांबवून बसते. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी सतत वाहणाऱ्या रक्ताविषयी विचारले तेव्हा पैगंबरांनी ते शिरेचे रक्त आहे, पाळीचे नव्हे, असे सांगितले होते. पाळीची कमाल मर्यादा हनफी या दुसऱ्या परंपरेत दहा दिवस आणि आम्हा शाफईंमध्ये पंधरा दिवस मानतात. त्यापुढचे रक्त इस्तिहाजा, म्हणजे पाळीबाहेरचा रक्तस्राव ठरते, आणि त्यात वुजू (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुणे) करून नमाज पढता येते, रोजाही ठेवता येतो. मुंब्र्यात दोन्ही परंपरांच्या बायका येतात, म्हणून तांबी बसवल्यावर मी प्रत्येकीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रक्तस्रावाच्या तारखांना खूण करायला सांगते, आणि पुढच्या खेपेला तेच पान सोबत आणायला लावते.