द्राक्षं नव्हेत, हॉप्स!

आज बर्मिंगहॅममधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात व्हिक्टोरियन काळातला, चांदीचा मुलामा दिलेला बिअरचा मग हाती लागला. त्यावरच्या वेलाच्या नक्षीबद्दल चिठ्ठीवर लिहिलं होतं 'द्राक्षवेल'. आता नाशिकच्या माहेरवाशिणीला द्राक्षवेल दाखवायची म्हणजे जरा जपूनच!

पान लांबून तसंच दिसत होतं, पण वेलाला बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तणावा, कुठेच नव्हती. द्राक्षाला एका पेऱ्यावर एकच पान, समोर घड नाहीतर बाळी. इथे पानं जोडीने समोरासमोर, कडा दातेरी. आणि 'घड' भिंगाखाली धरले तर मण्यांऐवजी एकावर एक चढलेले कागदी खवले. हॉप्सच, बिअरला कडवट चव देणारी वेल! बिअरच्या मगावर दुसरं काय असणार म्हणा.

भिंतींवर चढणाऱ्या आयव्हीच्या वेलीचीही अशीच गल्लत होते. तिची फळं लोंबत्या घडात नसतात, छोट्या गोल गुच्छात असतात.

त्या व्हिक्टोरियन लोकांना झाडपाल्याचा नादच भारी. नेच्यांचं तर वेडच लागलं होतं. इंग्लंडमधल्याच कोलब्रुकडेलच्या लोखंडाच्या कारखान्याने 1858 मध्ये नेचा आणि ब्लॅकबेरीच्या नक्षीचं ओतीव लोखंडी बाकच काढलं. त्याआधी 1840 मध्ये याच बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं होतं. त्याच तंत्राने पुढे खऱ्या पानांवरही तांबं चढवत. शीर न शीर उतरायची!

दुकानदाराला हॉप्सचं सांगितलं. त्याने शांतपणे चिठ्ठी बदलली आणि किंमत तीच ठेवली. मी काही तो मग घेतला नाही, फोटो तेवढे काढले. कमेंटमध्ये टाकते. कडेची पाच पाकळ्यांची फुलं कुणी ओळखता का?