फॉर्ममधला एक रकाना आणि एक कोयता

मागच्या हंगामात आम्ही सर्व्हेसाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात होतो. प्रादेशिक विकास, रोजगार आणि शाश्वतता हा अभ्यासाचा विषय, आणि माझं काम म्हणजे टॅब घेऊन उसाच्या फडावर जायचं, माणसं गाठायची, फॉर्म भरायचा. मी मूळची बीड जिल्ह्यातली, माझी आत्या आजही दरवर्षी ऊसतोडीला जाते, त्यामुळे टीममध्ये सगळ्यांना वाटलं की हिला हे काम सोपं जाईल. पण मी पहिल्याच दिवशी अडकले. प्रश्न साधा होता, मुख्य रोजगाराचं ठिकाण कोणतं, जिल्हा आणि तालुका लिहा. रकाना एकच.

समोर पस्तिशीच्या आतबाहेरची एक बाई होती, बीडमधल्या शिरूर कासारकडची. ती मोळी बांधत होती. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मोळी बांधायला दोरी लागत नाही, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं घ्यायचं, त्याला पीळ द्यायचा आणि गुडघा मोळीवर दाबून गाठ आवळायची. मग ती मोळी डोक्यावर, फळीवरून वर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. दिवसाला किती मोळ्या झाल्या हे तिला विचारलं तर ती म्हणाली, मोजायला कुठं वेळ असतो. ठिकाणाचा प्रश्न विचारला तेव्हा हात न थांबवता म्हणाली, "आता काय सांगू बाई, सहा म्हैने हितं, सहा म्हैने तिकडं. घर तिकडं हाय, काम हितं हाय. तुमाला कोन्चं पायजे?"

मी तिला म्हटलं मावशी दोन्ही लिहिते, पण टॅब दोन्ही घेत नव्हता. शेवटी कोल्हापूर निवडलं आणि पुढे गेले.

रात्री मुक्कामाला आल्यावर मला झोप लागेना, कारण हा रकाना फक्त आमच्या फॉर्ममधला नाही. आपल्याकडे जिल्ह्याचं उत्पन्न मोजतात ते जिथं निर्माण झालं तिथं धरून. म्हणजे शिरोळच्या फडात तोडलेल्या उसाची किंमत, त्यावरची तोडणीची मजुरी, पुढे कारखान्यात झालेली साखर, सगळं कोल्हापूरच्या खात्यात. बीडच्या खात्यात काय, तर तिथं राहिलेली म्हातारी माणसं, शाळेच्या पटावर नाव असलेलं पण वर्गात नसलेलं पोरगं, आणि मे महिन्यात परत आल्यावर सरकारी दवाखान्यात दाखवायची कंबर. कमाई एका जिल्ह्यात मोजली जाते आणि त्या कमाईसाठी शरीराची जी झीज होते ती दुसऱ्या जिल्ह्यात भरून काढायची असते, आणि मग दरडोई उत्पन्नाचा तक्ता समोर ठेवून आपण म्हणतो मराठवाडा मागे आहे. मागे आहेच, नाही कोण म्हणतं. पण पुढे गेलेल्यांच्या पुढे जाण्यात त्याचा किती वाटा आहे ते त्या तक्त्यात कुठं दिसतं?

राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका क्षेत्रात कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे ते काढलं आणि आकडा आला ३,१८६ कोटींचा. त्यानंतर याच प्रश्नावर २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. मला या दोन्ही कामांबद्दल मनापासून आदर आहे, अनुशेष हा शब्दच त्या पहिल्या अहवालामुळे आमच्या गावच्या चावडीपर्यंत पोचला. पण अनुशेष म्हणजे जे मिळालं नाही त्याचा हिशेब. जे इथून निघून गेलं, दर दसऱ्या-दिवाळीला ट्रकमध्ये भरून जातं, त्याचा हिशेब अजून कुणी धड मांडलेला नाही असं मला वाटतं.

आता कोयत्याबद्दल. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, मजुरीचं मापच ते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, तो उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्याला, आणि ती हंगामाच्या आधीच हातात पडते, त्यातून कुणी आधीचं कर्ज फेडतं, कुणी लग्न उरकतं, कुणी घराचा पत्रा टाकतं. मग टनावर काम करून ती फेडायची. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फिटली तर ठीक, नाहीतर बाकी पुढच्या वर्षावर. आजारी पडलं, एक दिवस काम बुडलं, तर तो खाडा, त्याचेही पैसे कापतात. आणि हे सगळं जिच्या अंगावर अर्धं आहे त्या बाईचं नाव मुकादमाच्या वहीत बहुतेक वेळा नसतंच. मी वही पाहिली आहे. नवऱ्याचं नाव, पुढे गाव, पुढे उचल. बाई 'एक कोयता' या दोन शब्दांत असते.

खाडा हा शब्द नीट ऐका कारण त्यातूनच पुढची गोष्ट येते. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, खोपीत ना संडास ना आंघोळीला आडोसा, पहाटे चारला उठून फडावर जायचं आणि बसून राहिलं तर खाडा. त्यात कुणीतरी डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. २०१९ मध्ये हे प्रकरण बाहेर आलं तेव्हा सरकारने समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. देशपातळीवर २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. माझ्या आत्याचंही ऑपरेशन झालंय, तेव्हा ती तिशीतही नव्हती. तिनं ते आम्हाला चार वर्षांनी सांगितलं, तेही मध्येच दुसरं काहीतरी बोलताना.

शाश्वत हा शब्द साखरेच्या बाबतीत आता सगळीकडे ऐकू येतो. चिपाडापासून वीज, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल, पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण, ठिबक, पाचट न जाळता सरीत कुजवणं. यातलं बरंचसं खरंच चांगलं आहे, पाचट जाळत नाहीत त्या रानात ओल किती टिकते ते मी हात घालून पाहिलंय. पण हिरव्या इंधनाची यादी वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो की यात तोडणारीचं शरीर कुठल्या ओळीत धरलंय.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं ते आठवत असेल, पहिल्या गाडीत दहा टँकर, पाच लाख लिटर. मिरज आणि शिरोळ शेजारी शेजारी, तेच कृष्णेचं पाणी. म्हणजे मराठवाड्याची माणसं पाण्याच्या मुलखात ऊस तोडायला गेलेली आणि तिथलं पाणी रेल्वेने मराठवाड्याकडे निघालेलं. त्यात लातूर-बीडकडेही ऊस लावतातच, कारण भाव ठरलेला असतो आणि कारखाना घेऊन जातो, तूर-हरभऱ्याला ती खात्री कोण देतं? त्यामुळे शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही.

मला राहून राहून रोजगार हमी आठवते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांची ती कल्पना, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू. त्यासाठीच १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तोच. मुंबई-पुण्याच्या पगारातून दुष्काळी गावात बंधारा आणि पाझर तलाव, यापेक्षा सरळ प्रादेशिक विकास मला माहीत नाही. आणि त्या हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं असायचं, मजुरी तिच्या कामाची, तिच्या हातात. माझी आजी सांगायची, खडी फोडली पण पैसे मी मोजून घेतले. मग आज लोक रोहयो सोडून कोयत्याला का जातात? कारण रोहयोचा पैसा काम झाल्यावर येतो आणि अनेकदा उशिरा येतो, आणि मुकादमाचा पैसा कामाच्या आधी येतो. गरजेला उभा राहतो तो मुकादम. हे ज्यांना बदलायचंय त्यांनी आधी पावसाळ्यानंतरच्या त्या दोन महिन्यांत गावात रोख पैसा कसा येईल ते बघावं, बाकीच्या योजना नंतर.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, टनाला साडेतीनशेच्या पुढे गेले, ते हवंच होतं. पण वाढही कोयत्यालाच मिळाली.

परत आल्यावर मी ऑफिसात हे सगळं बोलले. आधी उत्तर आलं की आता प्रश्न बदलले तर मागच्या वर्षीच्या डेटाशी तुलना करता येणार नाही. तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठरलं की जुना प्रश्न तसाच ठेवायचा आणि खाली नवे टाकायचे. राहतं गाव आणि कामाचं गाव वेगळं. कोयत्यात दुसरं कोण आणि तिच्या खात्यावर काय जमा झालं. खाडे किती पडले, कशामुळे. शेवटचा प्रश्न विचारायला फक्त बायका जाणार, आणि नवरा किंवा मुकादम समोर असेल तर तो विचारायचाच नाही, दुसऱ्या वेळी जायचं. जानेवारीत शिरोळलाच पहिली फेरी आहे. शिरूर कासारच्या त्या मावशीचा नंबर माझ्याकडे आहे, ती औंदा कुठल्या फडावर आहे ते विचारून आधी तिच्याकडेच जाणार आहे.