तुम्ही विचारलंत म्हणून : फेटाळलेल्या केसचं अपील कशाला केलं?

"वकील नाही, समोर दोन बड्या कंपन्या, त्यात केस फेटाळलेली. मग अपील कशाला गं?" बेळगावच्या शहापुरात माझ्याकडं ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका हमखास विचारतात. म्हणून एकदा नीट सांगते.

कर्ज काढून मी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची मशीन ऑनलाइन घेतली. चौथ्या महिन्यात तिचा बोर्ड गेला. विकणारी कंपनी म्हणे बनवणाऱ्यांना विचारा, बनवणारी म्हणे जिथून घेतली तिथं जा. मी दोन्ही कंपन्यांविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते. निकाल आला : मशीन व्यापारी कामासाठी घेतलेली, त्यामुळे तक्रारदार 'ग्राहक' नाही. बोर्ड का गेला, त्यावर एक ओळसुद्धा नाही.

निकाल वाचता वाचता माझीच तक्रार पुन्हा काढली. मी मराठीत लिहून दिलं होतं, 'माझा पोटापाण्याचा धंदा'. इंग्रजीत टाइप होताना पोटपाणी गळलं आणि नुसतं 'बिझनेस' उरलं. खाली सही माझी. कंपन्यांच्या वकिलांनी तोच शब्द धरला होता.

शेजारच्या कन्नड शाळेतल्या टीचरना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "अक्का, निम्मदु स्वयं उद्योग." आपल्याला उद्योग म्हटलं की कारखाना दिसतो. कन्नडात उद्योग म्हणजे काम, नोकरी; 'निम्मदु स्वयं उद्योग' म्हणजे तुमचा स्वयंरोजगार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात, अगदी हेच आहे : फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामाची धरायची नाही. 'लक्ष्मी इंजिनिअरिंग'च्या 1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं टाइपरायटर घेऊन लोकांचं टायपिंग करून देणाऱ्याचं उदाहरण दिलंय. तो ग्राहक, तर मशीनवर एकटी बसणारी मी का नाही? त्या रात्री मला झोप आली नाही, पण रडूही आलं नाही.

अपील राज्य आयोगाकडं, तेही निकालापासून 45 दिवसांत. लोकांनी घाबरवलं की निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती अट ज्याला पैसे द्यायचा आदेश झालाय त्याला, मला नव्हे.

पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात कर्जाचे हप्ते, कंपन्यांचे फोन, सगळा संताप होता. तो बाजूला ठेवला, कारण ते सगळं तक्रारीत आलेलंच होतं. अपिलात सांगायचं होतं ते एवढंच, की निकालात कुठं चुकलं. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र तक्रारीला पहिल्यापासून जोडलेलं होतं, त्यावर 'स्वयंरोजगार' छापलेलं. निकालात त्या पत्राचा उल्लेखच नव्हता. दुसरा मसुदा तीन पानांत संपला.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून बंगळूरला राज्य आयोगापुढं गेले. समोर काळे कोट, मी एकटी. माझ्या तोडक्या कन्नडात सांगितलं, ते पत्र एकदा बघा. आयोगानं पान उलटून पाहिलं.

फेटाळल्याचा आदेश रद्द झाला आणि तक्रार पहिल्यापासून ऐकायला जिल्हा आयोगाकडं परत पाठवली. म्हणजे जिंकले नाही अजून. मशीन चादरीखाली आहे, हप्ता चालू आहे. पण येत्या तारखेला कंपन्यांना बोर्डाबद्दल बोलावं लागेल.