हळद

परवा परभणीत हौशी मंडळींनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ पाहिलं. डावीकडे दादा, म्हणजे आमचे वडील, वय ८६, खादीचा सदरा, खिशात भुईमुगाच्या शेंगा. उजवीकडे ताई. मी मधे. घरातही माझी जागा कायम हीच.

नाटक १९८३चं, घडतं पुण्यात. नाथ देवळालीकर हा समाजवादी बाप. लेक ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न ठरवते तेव्हा आईच्या पोटात गोळा येतो आणि बापाला स्वप्न खरं झाल्यासारखं वाटतं. पुढे अरुण तिला मारायला लागतो. तरी लेकीच्या संसारापायी नाथ त्याच्या आत्मचरित्राची जाहीर स्तुती करतो, आणि ते भाषण खोटं आहे हे नेमकं ज्योतीच ओळखते. तिथे दादांच्या शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. (बजावून आणलं होतं, शेंगा काढायच्या नाहीत म्हणून.)

आम्हाला हे दुखणं वेगळ्या वाटेने माहीत. १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जळाल्या. दादा नामांतराच्या बाजूने ठाम. गावाने आमच्याशी बोलणं टाकलं. दादांना निदान कार्यकर्ते होते; मधल्या सुट्टीत आम्हा भावंडांशेजारी डबा उघडायला कुणी नव्हतं. ज्यांची घरं गेली त्यांच्यापुढे आमचा डबा म्हणजे काय, हे आता कळतं. पाचवीतल्या पोराला कुठलं कळायला!

ताईचं लग्न १९८६ला, नोंदणी पद्धतीने. हुंडा नाही, मानपान नाही, हळद तर नाहीच. गूळ-शेंगदाणे, चहा आणि दादांचं पाऊण तास भाषण. सह्या दोन मिनिटांत उरकल्या होत्या. तेव्हापासून कुणाच्याही हळदीला ताई आधी जाते आणि शेवटी निघते.

नाटक सुटल्यावर टपरीवर चहा घेताना दादा एकदम म्हणाले, “बाई, तुला हळद लावून घ्यायची होती का गं?”

“लावली की. आदल्या रात्री, शेजारच्या काकूंच्या न्हाणीत. आईच घेऊन गेली होती.”

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. दादांनी बशीतला चहा बराच वेळ नुसता फुंकला.

“तरीच,” ते म्हणाले. “सही करताना तुझी नखं पिवळी दिसली होती. मला वाटलं, भाजीला फोडणी घालून आलीस.”