इटालियन, व्हाया इंग्लिश

आज इटालियनची तोंडी परीक्षा झाली एकदाची. बाहेर कॉरिडॉरमध्ये अर्धा तास बसून मी 'जाणे' घोकत होते, वादो, वाय, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो, यातली चौथी-पाचवी रूपं भलत्याच घरातून दत्तक आल्यासारखी आहेत आणि म्हणून तीच हमखास विचारणार असं सगळे म्हणत होते, आणि आत गेल्यावर यातलं एकही विचारलं नाही. प्रोफेसोरेस्सा, म्हणजे आमच्या बाई, म्हणाल्या, के कोझा ती पियाचे फारे? काय करायला आवडतं तुला? आणि मी लगेच, मी पियाचे लेज्जेरे. मला वाचायला आवडतं.

आता ए-वन लेव्हलला, म्हणजे अगदी पहिल्या पायरीवर, एवढं यायलाच पाहिजे, त्यात काही कौतुक नाही. पण परत येताना लक्षात आलं की हे वाक्य मी आधी मनात इंग्लिशमध्ये जुळवलं नव्हतं. सरळ आलं. म्हणून आज लिहायला बसलेय, नाहीतर ही रोजनिशी महिनाभर तशीच पडून होती.

इटालियन घेतलं त्याला काही थोर कारण नाही. एक परकीय भाषा घेणं कंपल्सरी होतं, फ्रेंच फुल झालेलं, जर्मनचा तास सकाळी आठला. बाकीच्यांना ऑपेरा आवडतो, कुणाला फुटबॉल, एकाला तिकडे मास्टर्स करायचंय, पहिल्या तासाला सगळ्यांनी आपापलं कारण सांगितलं आणि माझी वेळ आली तेव्हा मी 'भाषेचा गोडवा' वगैरे काहीतरी ठोकून दिलं.

पुस्तक सगळं इंग्लिशमधून समजावणारं. त्यामुळे माझी पद्धत ठरून गेली, मराठीत सुचलेलं आधी इंग्लिशमध्ये करायचं, मग इंग्लिशचा शब्दाला शब्द लावून इटालियन. एसटी पकडून शेजारच्या गावी जायचं आणि तेही व्हाया तिसरंच गाव, असला प्रकार. तिसऱ्या आठवड्यात आवडीनिवडींचा धडा आला आणि मी 'आय लाइक बुक्स'वरून वाक्य केलं, इयो पियाच्चो ई लिब्री. प्रोफेसोरेस्सा हसल्या नाहीत पण त्यांच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं होतं ते साधारण असं होतं की, मी पुस्तकांना आवडते.

मग त्यांनी बोर्डावर बाण काढले. पुस्तकं कर्ता, आवडणारा माणूस बाजूला, त्याला 'टू मी'. इंग्लिशमध्ये याचं भाषांतर 'द बुक्स आर प्लीजिंग टू मी' असं करा म्हणजे समजेल म्हणाल्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं, मान डोलावून, प्लीजिंग टू मी, खाली दोन रेघा. मूर्खासारखं! अगं बाई, 'मला पुस्तकं आवडतात' हे तू बोलायला लागल्यापासून म्हणतेयस. त्यात तू कर्ता नाहीच आहेस. पुस्तक एक असेल तर आवडतं, अनेक असतील तर आवडतात, आणि तिकडेही एक असेल तर पियाचे, अनेक असतील तर पियाच्चोनो. 'मला'ला 'मी', 'तुला'ला 'ती', एवढंच बदलायचं. हे मला कळायला अजून दोन आठवडे गेले, आणि कळलं ते अभ्यास करताना नाही, आईशी फोनवर बोलताना. ती विचारत होती आवडतंय का गं तुला ते इटालियन, आणि मी म्हटलं आवडतंय मला, आणि फोन कानाला तसाच धरून दोन सेकंद गप्प. तिला वाटलं रेंज गेली.

(यातली एक अडचण इंग्लिशवाल्यांना कधीच येणार नाही. इटालियन 'मी' म्हणजे आपला 'मला', आणि 'मी पियाचे' ऐकलं की माझ्या कानाला अजूनही 'मी प्यायचे' असंच ऐकू येतं.)

त्या दिवसापासून वहीत तिसरा कॉलम सुरू केला. इटालियन, इंग्लिश, मराठी. आणि मग एकेक सापडत गेलं. 'तू'ला तू. अगदी तोच शब्द, तोच उच्चार, तीच सलगी. किल्लीला ते कियावे म्हणतात, आपली चावी पोर्तुगीजांकडून आलेली, लॅटिनच्याच घरातली, म्हणून चेहरा ओळखीचा. नाताळला नाताले. हे असं काही सापडलं की मी शेजारच्या मुलीला सांगायचे आणि ती बिचारी दर वेळी 'ओ वॉव' म्हणायची.

उच्चारांच्या बाबतीत तर मी लाडकी विद्यार्थिनी झाले, स्वतःची काही मेहनत नसताना. इटालियन त आणि द म्हणजे आपलेच त आणि द, इंग्लिशवाल्यांची जीभ तिथे टाळ्याकडेच पळते. पण खरी मजा च आणि ज ची. इटालियनमध्ये सी-अक्षरापुढे ई किंवा आय आला की तो चहातला च. आणि झेड म्हणजे बहुतेक वेळा चाकातला च. ग्रात्सिये, पित्सा असं आपण 'त्स' लावून लिहितो, पण तोंडाने चाक म्हणा, चमचा म्हणा, तोच आवाज आहे तो. जीभमधला ज वेगळा आणि जाडमधला ज वेगळा, हेही तसंच तिकडे आहे, ज्योर्नो म्हणजे दिवस हा जीभवाला आणि ज़ीओ म्हणजे काका हा जाडवाला. वर्गात लोक पेनं दातात धरून सराव करत होते आणि मी नुसती बसून होते. फक्त लिहिताना पंचाईत, कारण आपण दोन्ही च एकाच अक्षराने लिहितो आणि मी वहीत शब्दांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहायचे. शेवटी चाकातल्या च ला आणि जाडातल्या ज ला खाली टिंब द्यायला लागले. प्रोफेसोरेस्सांनी एकदा वही उचलून बघितली, हे टिंब काय म्हणून विचारलं, आणि मी समजावून सांगितल्यावर त्यांनीच माझ्याकडून 'चमचा' दोनदा म्हणवून घेतलं.

जोडाक्षरांचंही तेच. पेना म्हणजे दुःख आणि पेन्ना म्हणजे पेन, सेते म्हणजे तहान आणि सेत्ते म्हणजे सात. इंग्लिशवाल्यांना हा फरक ऐकूच येत नाही, आणि वर्षं सांगताना 'आन्नी'मधला एक न गळला की वय सांगायच्या जागी गुदद्वारांची संख्या सांगितली जाते, हा विनोद इटालियन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात ऐकवतातच. आपल्याला काय, हला आणि हल्ला यांतला फरक पोरांनाही कळतो. या सेत्तेवरून मी लायब्ररीत थोडं वाचलं तर मोठंच घबाड हाती लागलं. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्तेम आणि आठ म्हणजे ओक्तो. इटालियनमध्ये आले आणि प-त, क-त म्हणायचा कंटाळा करून लोकांनी सेत्ते, ओत्तो केलं. इकडे संस्कृतातल्या सप्तचं प्राकृतात सत्त झालं, अष्टचं अट्ठ झालं, आणि तिथून आपले सात आणि आठ. हजारो मैलांवर, एकमेकांना विचारल्याशिवाय, तोच आळस. मला हे इतकं आवडलं की मूळ असाइनमेंट राहूनच गेली.

फजिती झाली ती मराठीमुळेही झाली, सगळं इंग्लिशवर ढकलायला नको. सेमिस्टरच्या सुरुवातीला मी प्रोफेसोरेस्सांना मेल टाकली, 'चाओ प्रोफेसोरेस्सा, कोमे स्ताय?' म्हणजे थेट, काय गं बाई, कशी आहेस? आदरार्थी विचारायचं तर 'स्ताय' नाही, 'स्ता'. आता मराठी माणसाला हे शिकवायला नको की मोठ्यांना अरे-तुरे करू नये, पण मी आपला आदराचा हिशोब लावला, तुम्ही म्हणजे अनेकवचन, मग इटालियनमध्ये 'व्होइ' असणार, तर तसं नाहीये. ते आदर द्यायचा तर 'लेइ' म्हणतात, म्हणजे 'ती'! समोर मिशीवाले आजोबा असले तरी 'ती कशी आहे' असंच विचारायचं. मला हे पटेना म्हणून मी तात्पुरतं 'तू'वरच काम भागवलं. व्होइ दक्षिणेकडे अजून चालतं म्हणे, आणि मुसोलिनीच्या राजवटीने तर 1938 मध्ये लेइ बंद करून सगळ्यांवर व्होइ लादायचा प्रयत्न केला होता. म्हणजे माझा हिशोब चुकला तरी साथीदार कोण, तर मुसोलिनी. तेव्हापासून निमूटपणे लेइ म्हणते.

आणि चाओ. मला वाटायचं हाय-बायसारखं काहीतरी, आहेच तसं, पण मुळात व्हेनिसच्या बोलीतला हा शब्द, अर्थ 'दास', म्हणजे मी आपला दास. शाळेत अर्जाखाली 'आपली आज्ञाधारक' लिहायचो ना, तसं. इतका वाकून केलेला नमस्कार झिजून झिजून असा झाला की तो बाईंना लिहिणं आगाऊपणा ठरतो.

दुसरी फजिती आंद्रेआची. ऐकण्याचा धडा होता, आंद्रेआ रोज सकाळी पळायला जातो-जाते, इटालियनच्या वर्तमानकाळात ते क्रियापदावरून कळत नाही, आपल्यासारखं जातो आणि जाते वेगळं नाही. नावाच्या शेवटी आ, सीता-गीतासारखं, मी खुशाल उत्तरात 'आंद्रेआ ए सिंपातिका', आंद्रेआ चांगली आहे, असं लिहून आले. तर तो बाप्या निघाला. आंद्रेआ, लूका, निकोला, हे सगळे पुरुष. आणि 'मानो' म्हणजे हात हा ओकारान्त असून बाई, 'प्रोब्लेमा' आकारान्त असून पुरुष. आपल्याकडे तीन लिंगं असताना मी त्यांच्या दोनातच धडपडले. आमच्या वर्गातला स्पॅनिश येणारा मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून अर्धं इटालियन मला येतंच म्हणून फिरायचा, त्याची खोड 'बुर्रो'ने मोडली. स्पॅनिशमध्ये बुर्रो म्हणजे गाढव आणि इटालियनमध्ये लोणी. पोळीला काय लावतोस या प्रश्नावरून तास दहा मिनिटं बंद होता.

पण सगळ्यात भारी दिवस होता तो भूतकाळाचा. पास्सातो प्रोस्सिमो. पुस्तकात त्याचा नियम चार ओळींचा आहे, भूतकालवाचक धातुसाधित आधी आलेल्या कर्माच्या सर्वनामाप्रमाणे लिंग-वचनात बदलतं, असं काहीतरी, अर्थात इंग्लिशमध्ये, आणि वर्गातून एक सामूहिक उसासा निघाला. प्रोफेसोरेस्सांनी उदाहरण दिलं. ला लेत्तेरा? लो स्क्रित्ता. इल तेस्तो? लो स्क्रित्तो. मी ते तिसऱ्या कॉलममध्ये लिहिलं. चिठ्ठी? लिहिली. मजकूर? लिहिला. आणि बघत बसले. मी मुलगी असले काय आणि मुलगा असले काय, चिठ्ठी लिहिलीच जाणार, कारण क्रियापद चिठ्ठीकडे बघतंय, माझ्याकडे नाही. त्यांच्यात हे सर्वनाम आधी आलं की होतं, आपल्याकडे सरसकट. आणि जाणे-येणे असेल तर उलट, तिथे माणसाकडे बघायचं, सोनो आंदाता, गेले, सोनो आंदातो, गेलो. पुस्तकातले वीस प्रश्न मी नुसते मराठीत वाचत गेले आणि शेवटची मात्रा बदलत गेले. एकोणीस बरोबर. चुकलेला विसावा मी शहाणपणा करून इंग्लिशवरून केला होता, शप्पथ.

मराठी सगळीकडे पोचते असं मात्र नाही. आघात कुठे द्यायचा हे मला अजून कळत नाही. तेलेफोनोमध्ये 'ले'वर जोर, मी 'फो'वर देते. पार्लानो, म्हणजे ते बोलतात, यात पहिल्या 'पार'वर, मी 'ला'वर. आपण सगळी अक्षरं एका उंचीची बोलतो, आणि त्यांच्या एका शब्दात एक अक्षर स्टुलावर उभं असतं, आणि लिखाणात बहुतेक वेळा त्याची काही खूणही नसते. ऐकून ऐकून बसेल म्हणतात. बघू.

आणि आर्टिकल्स. आपल्याकडे हा प्रकारच नाही, इंग्लिशमध्ये एका 'द'वर भागतं, इथे इल, लो, ला, ई, ल्यी, ले. लिब्रोला इल. पण शब्द झेडने सुरू झाला की लो, एसला जोडून दुसरं व्यंजन आलं तरी लो. कारण विचारलं तर म्हणे बोलायला सोपं पडतं. कुणाला?

आज तोंडीत शेवटचा भाग होता, खोलीतल्या वस्तू सांगा. टेबल, खुर्ची, खिडकी, सगळं नीट चाललेलं. मग माझी सॅक दिसली आणि मी जोशात म्हटलं, इल ज़ाइनो. जाडातल्या ज चा उच्चार इतका पक्का केला की आर्टिकलकडे लक्षच नाही. प्रोफेसोरेस्सा काही बोलल्या नाहीत, पेन्सिल कागदावर जराशी हलली फक्त. मला तेव्हा कळलंच नाही. ग्रात्सिये म्हणाले, आरिव्हेदेर्ला म्हणाले, आदराने, मुसोलिनीला न विचारता, आणि दाराशी पोचले तर मागून आवाज आला.

नॉन दिमेन्तिकारे *लो* ज़ाइनो.

सॅक खुर्चीवरच राहिली होती.